किनाऱ्यावरच्या बाईचं काम कोणत्या मापाने मोजता?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
जिल्हा नियोजन समिती,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय : पुढच्या वर्षाच्या जिल्हा आराखड्यात बायकांचं काम, शिक्षण आणि खेळ यांची तरतूद

महोदय, महोदया,

पुढच्या वर्षाचा आराखडा तुमच्यापुढे येईल तेव्हा त्यात 'महिला व बालविकास' असं एक शीर्ष असेलच. त्याखाली शिलाई यंत्रं, मेळावे, दोन-चार दिवसांची प्रशिक्षणं असतील. ती असू द्यात. आमचं म्हणणं उरलेल्या शीर्षांबद्दल आहे : बंदरं, साकव (ओढ्यावरचे छोटे पूल), क्रीडांगणं, उद्योग, महसूल. या कामांचे नकाशे आणि अंदाजपत्रकं तयार होतात तेव्हा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस असतो. तो धडधाकट असतो, दिवसभर मोकळा असतो, त्याचं नाव सातबाऱ्यावर असतं आणि रात्री नऊ वाजता तो एकटा घरी चालत जाऊ शकतो. आपल्या किनाऱ्यावर हा माणूस बहुतेक वेळा मुंबईत असतो.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२० हून जास्त स्त्रिया निघाल्या, सिंधुदुर्गातही हजाराच्या वर. सत्काराच्या भाषणांत हा आकडा मुलींच्या कौतुकाचा म्हणून वाचला जातो. खरं तर तो चाकरमान्यांचा आकडा आहे. पुरुष कमवायला गेले, मागे भात, काजू, मासळी, गुरं, म्हातारी माणसं आणि ग्रामसभा हे सगळं बायांनी धरलं. कामं त्यांच्याकडे आली, पण कामाची जागा, काट्यावरचा दर, दप्तरातली नोंद आणि एसटीचं वेळापत्रक त्यांच्यासाठी कुणी बदललं नाही.

आधी बंदर घेऊ. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, मालवण, कुठेही पाहा. मासळी निवडणं, टब उचलणं, बर्फ घालणं, सुकवणं आणि गावोगाव नेऊन विकणं ही कामं बहुतेक बायांची. जेट्टीच्या अंदाजपत्रकात धक्का, लिलावाची शेड, रस्ता असं सगळं येतं आणि शेवटच्या पानावर एक शौचालय येतं. ते बांधलंही जातं, आणि थोड्याच काळात बंद पडतं. कारणं ठिकठिकाणी तीच आहेत.

लोखंडी दारं आणि साध्या कड्या-बिजागऱ्या खाऱ्या हवेत टिकत नाहीत. एक-दोन पावसाळ्यांत कडी गंजते, दार लागेनासं होतं, आणि दार न लागणारं शौचालय बाईच्या दृष्टीने नसल्यातच जमा. तिथे फायबरची किंवा पीव्हीसीची दारं हवीत आणि कड्या, स्क्रू, बिजागऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या. बाजारात सहज मिळणारी ३०४ प्रत समुद्रालगत डागाळते, म्हणून निविदेत आकडा लिहूनच मागावी. दुसरं कारण जमिनीखालचं. शोषखड्डा भरतीच्या रेषेजवळ वाळूत घेतला की उधाणाच्या दिवसांत भूजल वर येतं, खड्डा शोषत नाही आणि घाण उलटी फिरते. तिथे सीलबंद टाकीच हवी, शक्य तितक्या उंचावर, आणि ती उपसण्याचा ठेकाही त्याच कामात धरलेला. तिसरं कारण पाण्याचं : बोअर खारी, वरच्या टाकीला पंप आहे पण वीजबिल ग्रामपंचायतीने भरायचं, मच्छीमार सोसायटीने की बंदर खात्याने, हे कुठेच लिहिलेलं नसतं. बांधकामाबरोबर पाच वर्षांचं पाणी, वीज आणि सफाई यांची रक्कम धरली नाही तर ते काम मंजूरच करू नका, असं आम्ही सुचवतो. आणि दार लिलावाच्या बाजूला काढू नका. शंभर पुरुषांच्या घोळक्यासमोर उघडणारं दार कुठलीही बाई वापरत नाही. हे नकाशा काढणाऱ्याला सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं.

किती हवीत? कारखान्यांच्या नियमांत २५ बायकांमागे एक शौचकूप असं माप आहे. जेट्टीला तेच लावा. गर्दीच्या हंगामातल्या सगळ्यात गजबजलेल्या तासाला तिथे किती बाया असतात ते मोजा आणि २५ ने भागा. मोजणी हर्णैला संध्याकाळच्या लिलावाच्या वेळी करावी लागेल, इतर ठिकाणी पहाटे. दुपारी बारा वाजता मोजाल तर आकडा शून्य येईल आणि तोच कागदावर जाईल. सोय नसली की बाया पहाटेपासून पाणी पीत नाहीत. लघवीची जळजळ आणि मुतखडा यांचे पेशंट या धंद्यात का जास्त, हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

मासळी मार्केटचे ओटेही असेच उभ्या दुकानदाराच्या मापाने बांधलेले असतात : अरुंद, कमरेइतके उंच. मासे विकणारी बाई बसून काम करते. तिला मांडी किंवा उकिडवं बसायला, विळी रोवायला आणि पुढे पाट्या मांडायला मिळून ओट्याची खोली किमान दीड मीटर लागते. ओट्याला पुढच्या बाजूला उतार हवा, नाहीतर खवल्यांचं पाणी तिच्याच पायांशी साचतं. ओटा नीट नसला की बाया मार्केट सोडून रस्त्याच्या कडेला बसतात आणि मग नगरपालिका त्यांना अतिक्रमण म्हणून उठवते.

एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. सवलत चांगली आहे. पण मासळीचा टब घेऊन चढायला गेलं की वाहक खाली उतरवतो, आणि त्याचंही चुकत नाही. गळणारा टब इतर प्रवाशांना का सोसावा? यावर तोडगा आहे. घट्ट झाकणाचे, न गळणारे पिंप सक्तीचे करा, बंदराहून सुटणाऱ्या सकाळच्या एका फेरीत मागच्या दोन रांगा सामानासाठी काढा आणि पिंपाचं भाडं ठरवून द्या. आज ही बाई सहा आसनी रिक्षाला किंवा टेम्पोला पैसे मोजते. त्यात तिच्या दिवसाच्या नफ्याचा मोठा वाटा जातो.

बर्फाचं गणित साधं आहे. आपल्या हवेत किलोभर मासळीला किलोभर बर्फ लागतो. भांडवल थोडं असलं की बाई बर्फात काटकसर करते, दुपारपर्यंत बांगडा मऊ पडतो आणि संध्याकाळी मिळेल त्या भावाला जातो. शीतपेटी असेल तर तोच बर्फ संध्याकाळपर्यंत पुरतो. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत स्त्री लाभार्थ्याला ६० टक्के अनुदान आहे, पण आधी पैसे भरा, मग अनुदान येईल, ही रीत रोजच्या उलाढालीवर जगणाऱ्या बाईला जमत नाही. उरलेल्या ४० टक्क्यांसाठी आणि मधल्या काळासाठी बचत गटाच्या संघामार्फत फिरता निधी ठेवला तर योजना खऱ्या अर्थाने तिच्यापर्यंत पोचेल.

आणि या सगळ्याच्या आधी नोंदणी. सोसायटीचं सभासदत्व बहुतेक ठिकाणी होडी किंवा जाळं असलेल्याला. विकणारी, सुकवणारी, खाडीत उतरून तिसऱ्या आणि कालवं हे शिंपले काढणारी बाई सभासद नाही. म्हणून पावसाळी बंदीच्या काळातल्या बचत-सहाय्य योजनेत तिचं नाव नाही. त्या योजनेत लाभार्थ्याचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून तीन महिने १५०० रुपये मिळतात. रक्कम थोडी आहे, पण बंदी तिलाही तितकीच लागू असते. अपघात विम्यातही तेच. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाखांचं संरक्षण आहे, पण नोंद नसेल तर खाडीच्या चिखलात अडकलेल्या बाईच्या घरच्यांना काही नाही. राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर विक्रेत्या आणि मत्स्यकामगार यांचीही नोंदणी होते. आपल्या जिल्ह्यांत ती वाडीवार शिबिरं घेऊन पूर्ण करा. २०२५ साली राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्या दर्जाचे फायदे होडीपाशीच थांबणार की सुकत घातलेल्या बोंबलांपर्यंत येणार, हे याच नोंदणीवर ठरेल.

आता काजू. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण समान वेतनाचा नियम १९७६ च्या कायद्यापासून असूनही काजूच्या शेडमध्ये तो शिरत का नाही, हे काट्यापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

बी उन्हात वाळवतात, वाफवतात, रात्रभर पसरून गार करतात, मग कटरवर फोडतात, गर काढतात, ड्रायरमध्ये वाळवतात, साल सोलतात आणि प्रतवारी करतात. यातली फोडणी, सोलणी आणि प्रतवारी जवळजवळ पूर्ण बायांकडे. बॉयलर, ड्रायर, काटा आणि पोती पुरुषांकडे. पुरुष रोजावर किंवा महिन्यावर, बाया किलोवर. काम वेगळं आहे, असं म्हटलं की 'समान कामाला समान दाम' हे वाक्य आपोआप गळून पडतं. म्हणून प्रश्न वेगळा विचारायला हवा : किलोचा दर कसा ठरतो?

डब्ल्यू २४० प्रतीच्या गरात एका पाउंडात २२० ते २४० नग येतात, डब्ल्यू ३२० प्रतीत ३०० ते ३२०. किलोवर आणलं तर पहिल्यात सुमारे ५३० पर्यंत, दुसऱ्यात सुमारे ७०५ पर्यंत. बी बारीक आली की तोच एक किलो गर भरायला बाईला एक तृतीयांश जास्त वेळा कटर दाबावा लागतो. दर मात्र तोच. टपोरी बी संपून बारीक किंवा मिश्र बी शेडमध्ये आली की बायांची दिवसाची कमाई उतरते, आणि 'हल्ली बाया कामचुकार झाल्या' असं ऐकायला मिळतं.

तुकड्याचंही असंच. अख्ख्या गराला एक दर, तुकड्याला कमी. तुकडा होण्याचा दोष फोडणारीच्या हातावर टाकला जातो. प्रत्यक्षात वाफ कमी पडली, बी नीट वाळलेली नसली किंवा वाफवल्यावर पुरेशी गार न होता कटरवर आली, तर सराईत हातातूनही गर तुटतो. बॉयलर तिच्या ताब्यात नसतो, पैसे तिचे कापले जातात.

टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांची टोकं काळी पडतात, सोलपटतात, हातावर फोड येतात. बाया एरंडेल किंवा राख लावून काम करतात. कारखानदार हातमोजे देतात, पण ते पातळ, पहिल्या दोन दिवसांत फाटणारे. जाड मोजे घातले तर गर काढताना बोटांना अंदाज येत नाही, वेग कमी होतो आणि किलो कमी भरतात. किलोवर पैसे असताना मोजे घालणं म्हणजे स्वतःच्या मजुरीतून कापून घेणं. 'आम्ही मोजे देतो, त्याच वापरत नाहीत' या तक्रारीचं उत्तर इथे आहे. आतून सुती, वरून नायट्राइलचे, बोटांना घट्ट बसणारे मोजे, फाटले की त्याच दिवशी बदलून, आणि त्यामुळे कमी होणाऱ्या वेगाची भरपाई दरात. तिन्ही एकत्र असतील तरच मोजे हातात राहतील.

किलोवर काम दिलं तरी दिवसाच्या कामाची कमाई शासनाच्या किमान वेतनाखाली जाता कामा नये, हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. तपासायला अवघड नाही. सरासरी हाताची बाई आठ तासांत मोठ्या बीचे किती आणि बारीक बीचे किती किलो गर काढते, याची चाचणी प्रत्येक हंगामात दोनदा कामगार अधिकाऱ्यासमोर घ्या. किमान वेतनाला त्या किलोंनी भागा. येईल तो त्या प्रतीचा किमान दर. काटा बायांना दिसेल असा ठेवा आणि रोजची चिठ्ठी द्या : तारीख, बीची प्रत, अख्खे किलो, तुकडा किलो.

यातल्या कित्येक शेड इतक्या लहान आहेत की कारखान्यांसाठीचा कायदा त्यांना लागू होत नाही. पण त्या उभ्या राहताना पैसा कुठून आला? जिल्हा उद्योग केंद्रातून, मुख्यमंत्री रोजगार निर्मितीतून, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या ३५ टक्के अनुदानातून. योजनांचे नियम तुमच्या हातात नाहीत, हे आम्हाला कळतं. पण जिल्हा निधीतून रस्ता, वीज, शेड, प्रदर्शनातला गाळा देताना वजनाची चिठ्ठी, वेगळं शौचालय आणि मोजे या अटी घालायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

आंब्याबद्दल थोडक्यात. बागेत 'गड्याचा' रोज आणि 'बाईचा' रोज असे दोन दर आजही उघडपणे सांगितले जातात. समर्थन एकच : गडी झाडावर चढतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढून बरीच वर्षं झाली. त्याने जमिनीवर उभं राहून देठासकट फळ काढता येतं. बुटक्या, छाटणी केलेल्या कलमांत तर चढायचा प्रश्नच नाही. तरीही झेला पुरुषाच्या हातात आणि वाहतूक, निवड, वजनवार प्रतवारी, पेटी भरणं बाईच्या हातात, दर जुनेच. फळाचा डाग ओळखणारी नजर पेटीचा भाव ठरवते, हे प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. झेल्याचं प्रशिक्षण बायांना द्या आणि अनुदानावरचे झेले बचत गटांनाही द्या. गावचा रोज आराखड्यातून ठरत नाही, पण शासकीय रोपवाटिका आणि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर ठेकेदार बायांना काय देतो, हे तरी तपासता येईल.

आता सातबारा. कोकणातला सातबारा म्हणजे एकेका गुंठ्यावर वीस-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबई-ठाण्यात, काही मयत. शेत कसणारी बाई त्यात बहुधा नसते. फळबाग लागवड असो, पीककर्ज असो, नाव नसलं की अर्ज नाही, आणि असलं तरी बाकी सगळ्यांची संमतीपत्रं. अर्ज भरला तरी मोबाईल नंबर नवऱ्याचा, ओटीपी जातो विरारला, तो कामावर असतो, मुदत संपते आणि सेतू केंद्रातून बाई तशीच परत येते. हसू येण्यासारखं आहे खरं, पण पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी नाही.

नावं गळतात ती तीन ठिकाणी. पहिलं, वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रात मुलींची नावंच दिली जात नाहीत. दुसरं, दिली तर कब्जेदार सदरात न लिहिता 'इतर हक्कां'त ढकलली जातात. तिथे असलेल्या नावाने कर्जही मिळत नाही आणि अनुदानही नाही. तिसरं, बाराव्या-तेराव्याला जमलेल्या बहिणींकडून हक्कसोड पत्राची तयारी करून घेतली जाते. दुःखात आणि भावाशी संबंध राहावेत म्हणून त्या सही करतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या पातळीवर करण्यासारखं असं : वारस फेरफार मंजूर करताना मंडळ अधिकाऱ्याने मुलींच्या नावांबद्दल एक वेगळी ओळ भरणं सक्तीचं करा, आणि जुने 'इतर हक्क' तपासून कब्जेदार सदरात आणण्याची मोहीम घ्या.

पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, बस. ती कागदावर पडून आहे, कारण अर्ज देणारा नवरा गावात नाही. म्हणून शिबिरं मे महिन्यात घ्या आणि गणपतीत सुट्टीचा दिवस सोडून घ्या. चाकरमानी तेव्हाच घरी असतो. एरवी घेतलेल्या महसूल शिबिराला ज्यांची सही हवी तेच नसतात, आणि अहवालात 'अल्प प्रतिसाद' असं येतं. घराच्या नोंदीचंही याच शिबिरात उरकता येईल. ग्रामपंचायतीच्या आठ-अ वर नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा निर्णय २००३ चा आहे.

शिक्षणाकडे वळताना एक गोष्ट. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. मुलगा असताना ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, ही हकिगत आपण शाळेत जिद्दीचा नमुना म्हणून सांगतो. दीडशे वर्षांनी अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या मुलीकडून त्याच जिद्दीची अपेक्षा करू नये. तिला हवी संध्याकाळची बस.

पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत ८ लाखांखालच्या उत्पन्नाच्या मागास, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी जुलै २०२४ पासून माफ आहे. दोन्ही निर्णय मोठे. पण प्रयोगशाळेचा तास साडेचारला संपतो आणि वाडीकडे जाणारी शेवटची गाडी त्याआधी सुटते, तेव्हा मुलगी विज्ञान सोडून कला शाखा घेते. फी माफ झाली तरी लोणेऱ्याला किंवा दापोलीला राहायची खोली आणि मेस माफ नाही. घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर तो खर्च कुणावर होतो ते सांगायला नको. वेळापत्रक ठरवताना आगारप्रमुखाने तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या तासांचा तक्ता समोर घेऊन बसावं, एवढंच करा, आणि तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहासाठी जागा धरा.

साकव हे तर थेट तुमचं शीर्ष. जून ते सप्टेंबर पऱ्याला (ओढ्याला) पाणी चढलं की पहिली घरी राहते ती मुलगी. मुलाला काका खांद्यावर घेऊन पलीकडे सोडतो, मुलीला 'आज नको जाऊस' म्हणतात. साकवांचा प्राधान्यक्रम लावताना पलीकडच्या वाडीतून माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींची संख्या हा एक निकष ठेवा, दोन्ही बाजूंना कठडा ठेवा, आणि पोचरस्ता त्याच कामात घ्या. साकव झाला पण पोचरस्ता पुढच्या वर्षी, अशी उदाहरणं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतील.

खेळ. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी नवी मुंबईच्या मैदानावर क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा गावोगावच्या मंडळांनी अभिनंदनाचे फलक लावले. त्यातल्या कितींच्या शिमग्यातल्या किंवा शिवजयंतीच्या स्पर्धेत महिला गट आहे? कबड्डीत तर आशियाई खेळांत महिला गट सुरू झाला तोच २०१० मध्ये, आणि तेव्हापासून चारपैकी तीन सुवर्णपदकं भारताच्या मुलींनी आणली. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये झाला, त्यातला महिला गटही भारताच्या मुलींनी जिंकला. कबड्डी आणि खो-खो आपल्या मातीतले, आणि आपल्याच मातीत मुली नववी-दहावीला मैदान सोडतात.

का सोडतात? शालेय स्पर्धा पावसात सुरू होतात. कोकणात त्या दिवसांत मैदान म्हणजे तळं. मुलगे चिखलात खेळून अंगणात आंघोळ करतात, मुलींना कपडे बदलायला खोली लागते आणि ती नसते. सरावाची वेळ शाळा सुटल्यावर, म्हणजे बस गेल्यावर. मैदान जांभ्याच्या कातळावर मुरूम पसरून केलेलं. पकडीत आपटल्यावर गुडघे-कोपरं सोलतात. मुलग्याची जखम शौर्यात मोजली जाते, मुलीच्या घरी लग्नाच्या वेळी दिसणारा डाग म्हणून.

तालुक्याला एक छप्पर असलेली जागा हे यावरचं पहिलं काम. महिलांच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०. एक चौरस मीटरच्या मॅट असतील तर मुलींना ९६ लागतात, मुलग्यांना १३०. संच १३० चाच घ्या, पण महिलांच्या रेषा वेगळ्या रंगात आखून घ्या. महिलांची 'निदान रेषा' (चढाईत ओलांडावीच लागते ती) मध्यरेषेपासून ३ मीटर, पुरुषांची ३.७५. बोनस रेषा त्यापुढे १ मीटर. रेषा पुरुषांच्याच असल्या की मुली चुकीच्या अंतरावर चढाईची सवय करतात आणि जिल्हा स्पर्धेत बोनस हुकवतात. चारी बाजूंना आपटायला मोकळी जागा ठेवा, खांब तिथे येऊ देऊ नका. आठवड्यातले तीन दिवस मुलींसाठी आधीच राखून ठेवा आणि वेळ बसच्या वेळेशी जुळवा. जागा 'मागणीनुसार' द्यायची ठेवली तर ती मोठ्या मुलांच्या संघाकडेच जाते, कारण मागायला तेच येतात. शेजारी दार लागणारी कपडे बदलायची खोली, पॅड टाकायला झाकणाचा डबा, आणि मानधनावर एक महिला प्रशिक्षक. जिल्हा निधीतून ज्या चषकाला पैसे जातात, तिथे महिला गट नसेल तर पैसे देऊ नका, आणि बक्षिसाची रक्कम दोन्ही गटांना सारखी ठेवा. क्रिकेट मंडळाने सामन्याचं मानधन २०२२ मध्ये सारखं केलं. गावच्या मंडळाला ते का जमू नये?

नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा आणि दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा विचार केला तर हा प्रश्न हौसेचा उरत नाही. प्रमाणपत्र मिळण्याआधीच जी मैदान सोडते, तिची ती नोकरीही सुटते.

आणखी एक. दहापेक्षा कमी कामगारांच्या जागी लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. काजूच्या शेडमधल्या, बंदरावरच्या आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी तीच समिती. तिचं नाव, पत्ता आणि फोन प्रत्येक जेट्टीवर, मार्केटवर आणि ग्रामपंचायतीत मराठीत लावा. अध्यक्षा कोण हे विचारल्यावर कार्यालयात कुणाला सांगता येत नसेल, तर आधी ती समिती जागी करा.

ग्रामपंचायतींत निम्म्या जागा २०११ पासून बायांच्या आहेत. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करण्याचा नियमही आहे. तुमच्या बैठकीला येणाऱ्या सरपंच बाईंऐवजी त्यांच्या यजमानांना खुर्ची देण्याची पद्धत मात्र बंद करा. यजमानांना दाराबाहेर चहा द्यावा, आमची हरकत नाही.

बैठकीच्या किमान १५ दिवस आधी चार तक्ते आम्हाला पाहायला मिळावेत : बंदरवार शौचालयांची चालू-बंद स्थिती, मत्स्य नोंदणीतल्या स्त्रियांची तालुकावार संख्या, मागच्या वर्षभरात मंजूर झालेल्या वारस फेरफारांत मुलींची नावं किती, आणि जिल्हा निधी मिळालेल्या क्रीडा स्पर्धांत महिला गट किती. माहिती तुमच्याच खात्यांकडे आहे. ती गोळा करायला नवं पद लागत नाही. तक्ते तहसील कार्यालयाच्या फलकावर लावावेत आणि त्यावर बोलायला आमच्या प्रतिनिधींना बैठकीत अर्धा तास मिळावा. बैठक दुपारी अकरा ते दोनमध्ये ठेवावी. त्याआधी पहाटेचा लिलाव आटोपलेला असतो आणि त्यानंतर परतीची गाडी मिळते.

आपल्या,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या मासेविक्रेत्या, काजू कामगार, बागायतीतल्या मजूर, शिक्षिका आणि क्रीडाशिक्षिका